लोखंडाला इरादा कसा कळावा?

काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी धातूची वाटी बसवलेली असते. तिला टोपी म्हणतात. तिच्यात काही मिलिग्रॅम स्फोटक मिश्रण असतं. त्यावर टोकदार पोलादाचा फटका बसला की ते पेटतं, त्याच्या ठिणगीनं आतली दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. बंदुकीचा सगळा कारभार त्या एका फटक्यावर चालतो.

घरात कपाटात बंद असलेल्या बंदुकीला फटका कोण मारणार? पण तीच बंदूक कमरेला लावून माणूस बाहेर पडला की फटक्यांना तोटा नाही. तो जिने चढतो, धावतो, मोटारसायकलवरून खड्ड्यात आदळतो, वाकतो, आणि कधीतरी ती हातातून निसटून फरशीवर पडते. फरशीवर पडणं हाही फटकाच. मग हा फटका माणसानं ठरवून दिला की जमिनीनं दिला, हे त्या मुक्या यंत्राला कळायचं कसं? गेली दीडशे वर्षं शस्त्र बनवणारे या एका प्रश्नाशी झटत आहेत, आणि त्यांनी काढलेली उत्तरं पाहिली की मी थक्क होतो. बंदूक या वस्तूबद्दल मनात कितीही अढी असो, तिला गप्प ठेवण्यासाठी माणसानं किती बुद्धी खर्च केली आहे ते एकदा जवळून पाहावं असं आहे.

९ जानेवारी १८७६. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं विचिटा गाव, रविवारची रात्र. वायट अर्प नावाचा तरुण पोलीस एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत दोन-तीन जणांबरोबर बसला होता. हा तोच अर्प, ज्याच्यावर पुढे पुस्तकं आणि चित्रपट निघाले. बसल्या बसल्या त्याचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून घसरलं. खाली पडताना त्याचा घोडा, म्हणजे टोपीवर फटका मारणारा भाग, बहुधा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी अर्पच्या कोटातून आरपार गेली, भिंतीवर आपटली आणि छतातून बाहेर पडली. गावच्या वर्तमानपत्रानं ही बातमी छापली म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

यात अर्पचा दोष होता तसा रिव्हॉल्व्हरच्या रचनेचाही होता. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेलं असायचं. घोड्याला मागून दणका बसला की तो टोपीपर्यंत पोहोचणारच. म्हणून जाणकार माणसं सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. सुरक्षिततेची किंमत एक गोळी, असा तो सरळ व्यवहार होता.

हे सगळं जुन्या जमान्यातलं म्हणून सोडून देता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली, असं त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितलं. सुदैवानं ते बचावले. शस्त्र एका जागेवरून दुसऱ्या जागी जात असतं तेव्हाची ती काही मिनिटं सगळ्यांत नाजूक असतात, हे या घटनेत लख्ख दिसतं.

आता पडण्याचं गणित मांडून बघू. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीशी पोहोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. म्हणजे ताशी १६ किलोमीटर, सायकलचा वेग. एवढ्यानं काय होणार, असं वाटतं. पण काँक्रीटवर ती वस्तू एका मिलिमीटरच्या अंतरात थांबली, तर थांबताना तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट जोर येतो. त्या निमिषमात्र काळात पिस्तुलातला दहा ग्रॅमचा सुटा भाग दहा किलोचा असल्यासारखा वागतो. पिस्तुलात असे सुटे भाग बरेच, आणि त्यातला प्रत्येक आपापल्या दिशेनं धाव घेऊ पाहतो.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे फायरिंग पिन, टोपीवर टोचणारी बारीक पोलादी सळई. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलं तर नळी जमिनीला टेकून थांबते, पण पिन थांबत नाही. एसटीला अचानक ब्रेक लागल्यावर उभा प्रवासी पुढे जातो तशी ती पुढे सरकते. आणि तिच्या पुढे टोपी असते.

जॉन ब्राऊनिंगनं घडवलेल्या आणि अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलेल्या प्रसिद्ध पिस्तुलात यावर एका स्प्रिंगचा उपाय होता. पिन तिच्या नळकांड्यापेक्षा थोडी आखूड, आणि स्प्रिंग तिला सतत मागे ढकलणारी. घोड्याचा पुरा फटका बसला तरच ती स्प्रिंगचा विरोध मोडून टोपी गाठते. बहुतेक वेळा हे पुरतं. पण उंचावरून, कठीण जमिनीवर, अगदी सरळ तोंडावर पडलं तर पुरेल याची खात्री देता येत नाही. १९८०च्या दशकात कोल्ट कंपनीनं या पिस्तुलात पिनच्या वाटेत एक आडवी खुंटी बसवली. चाप ओढला की ती खुंटी उचलली जाते आणि वाट मोकळी होते. एरवी पिस्तूल कुठूनही पडो, पिन जागच्या जागी अडकलेली. दुसऱ्या एका कंपनीनं वेगळाच विचार केला. खुंटी नको, पिनच हलकी करू. तिनं पोलादाऐवजी टायटॅनियमची पिन घेतली आणि तिला मागे ढकलणारी स्प्रिंग कडक केली. पिनचं वजन घटलं की पडतानाचा तिचा जोरही घटतो. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं दाराशी येणाऱ्याची ताकदच काढून घेतली. मला दुसऱ्या उत्तराचं जास्त अप्रूप वाटतं, कारण त्यात एकही नवा भाग नाही.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर उत्तर याहून देखणं निघालं. घोडा टोपीपर्यंत पोहोचतो हीच अडचण ना? मग पोहोचूच देऊ नका. घोडा असा घडवा की तो पूर्ण खाली आला तरी पिनला शिवणार नाही, मध्ये फट राहील. आणि ती फट भरायला एक पोलादी पट्टी ठेवा, जी चाप पूर्ण मागे ओढलेला असतानाच वर येईल. घोडा पट्टीवर आपटतो, पट्टी तो फटका पिनकडे पोहोचवते. चाप सोडला की पट्टी खाली, आणि घोडा व पिन यांचा संबंध तुटला. म्हणजे इथे अडथळा घालून स्फोट थांबवलेलाच नाही. एरवी स्फोटाकडे जाणारा पूलच नाही, बोटानं चाप ओढला तेवढ्यापुरता तो बांधला जातो.

आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती खिशात ठेवायच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये आणली. तिच्या जाहिरातीत रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारा, असं आव्हान असे. रूगर कंपनीनं १९७३मध्ये आपल्या काऊबॉय धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही पट्टी घातली, आणि पुढे काही वर्षांनी पट्टी नसलेली जुनी रिव्हॉल्व्हरं पाठवणाऱ्यांना ती फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. ज्या अडचणीपायी विचिटात गोळी छताबाहेर गेली ती अशी एका पट्टीनं सुटली.

सुटली असं वाटलं, पण गंमत पुढेच आहे. आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्या एकच गृहीत धरतात की चाप मागे गेला म्हणजे तो कुणाच्या तरी बोटानं गेला. पण चाप हाही लोखंडाचाच तुकडा. त्यालाही वजन आहे. पिस्तूल मागच्या बाजूवर, विशिष्ट कोनात आपटलं तर पिस्तूल थांबेल आणि चाप आपल्याच वजनानं मागे सरकेल. वरचं दहा किलोचं गणित इथे आठवा. अशा पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण तीन किलोचा जोर लागतो. मग खुंटी उचलली जाईल, वाट मोकळी होईल, आणि सगळी यंत्रणा प्रामाणिकपणे समजेल की मालकानं चाप ओढला आहे. २०१७ साली हेच उघड झालं. सिग साऊअर कंपनीचं पी-३२० पिस्तूल नेहमीच्या पडण्याच्या चाचण्या पार करून बाजारात आलं होतं. काही परीक्षकांनी ते मागच्या बाजूवर तिरपं पाडून पाहिलं, तेव्हा ते उडालं. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीनं सुधारणा जाहीर केली. तिच्यातला एक मुख्य बदल होता चाप हलका करणं. चाचणीत ज्या कोनातून पाडायचं ठरलेलं असतं त्याच कोनातून पडायचं, असं काही वस्तूंवर बंधन नसतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात याच धोक्यावर आधीपासून एक साधा तोडगा आहे. चापाच्या मधोमध आणखी एक चिंचोळी पट्टी असते, चापातला चाप म्हणा. ती दाबली गेल्याशिवाय मोठा चाप मागे जाऊच शकत नाही. पडताना मोठा चाप मागे जायला धडपडला तरी ही हलकी पट्टी स्प्रिंगच्या जोरावर जागची हलत नाही आणि त्याला अडवून धरते. बोट मात्र दोघांना एकदम दाबतं. लोखंडाला बोट ओळखायला शिकवण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं हे गेलं आहे.

म्हणून आज एक विलक्षण नियम शिकवला जातो, जो माणसाच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे: पिस्तूल हातातून निसटलं तर झेलू नका, पडू द्या. जून २०१८मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एफबीआयचा एक अधिकारी सुटीच्या दिवशी नाचघरात नाचत होता. त्यानं मागे कोलांटी मारली आणि कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं. पडताना ते उडालं नाही. शंभर वर्षांच्या कारागिरीनं आपलं काम चोख केलं. त्यानं घाईघाईनं ते उचललं, आणि उचलताना गोळी सुटून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायात लागली. जमिनीचा धक्का पिस्तुलानं ओळखला होता. मालकाची बोटं घाबरून चापावर गेली आहेत की ठरवून, हे ओळखायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हतं.

होल्स्टरचं मोठेपण इथे लक्षात येतं. चांगल्या होल्स्टरचं पहिलं काम पिस्तूल अडकवणं हे नाही, चाप झाकणं हे आहे. पिस्तूल आत असताना चापापर्यंत बोट, शर्टाचं टोक, जाकिटाची दोरी, काहीही पोहोचता कामा नये. दुसरं काम, उलटंसुलटं झालं तरी ते सुटू न देणं. नुसतं खिशात किंवा पिशवीत किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर टाकलेलं पिस्तूल ही दोन्ही संरक्षणं गमावून बसतं. आपल्याकडच्या २०१६च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र आवरणात, झाकून नेण्याची अट आहे. ते उगारून दाखवायला बंदीच आहे.

होल्स्टरचं तिसरं काम मात्र सगळ्यांत अवघड: पिस्तूल परक्या हाती न जाऊ देणं. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरातल्या प्रदर्शनात अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या आयव्हर जॉन्सनच्याच रिव्हॉल्व्हरमधून. हातोडा मारला तरी न उडणारं ते सुरक्षित रिव्हॉल्व्हर. त्यातल्या पट्टीला पडणं आणि दाबणं यातला फरक कळत होता, दाबणारा कोण हे कळत नव्हतं. म्हणून पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल मागून कुणी हिसकावलं तर काय, हा प्रश्न पिस्तुलाच्या आत सुटत नाही. तो बाहेरून सोडवावा लागतो.

१९७०च्या दशकात बिल रॉजर्स या एफबीआयच्या माजी अधिकाऱ्यानं त्यासाठी होल्स्टरची कसोटी ठरवली. पिस्तूल होल्स्टरमध्ये, होल्स्टर पट्ट्याला, आणि समोरच्यानं मूठ धरून पाच सेकंद सर्व ताकदीनिशी ओढायचं. तरीही ते निघालं नाही तर होल्स्टर पहिल्या पातळीचं. एक कुलूप उघडून ठेवल्यावरही तेवढंच टिकलं तर दुसऱ्या पातळीचं, आणि असंच पुढे. पाच सेकंद का? तेवढ्यात पोलिसाला वळता यावं, झटता यावं म्हणून. आणि खरी करामत कुलपांच्या जागेत आहे. मालकाचा हात पिस्तुलाच्या मुठीवर सहज बसतो तेव्हा त्याचा अंगठा जिथे टेकतो, नेमकी तिथेच कळ असते. त्यानं मूठ धरली की कुलूप आपोआप उघडतं, सरळ वर ओढलं की पिस्तूल हातात. समोरून किंवा मागून झडप घालणाऱ्याचा हात उलटा पडतो, अंगठा भलतीकडे जातो, ओढ तिरपी लागते, आणि तिरप्या ओढीनं कुलूप आणखी घट्ट बसतं. होल्स्टर माणसाला ओळखत नाही, पण कोणत्या बाजूनं हात आला ते ओळखतं.

आपल्याकडे जुना आणि भरवशाचा उपाय दोरीचा. पिस्तुलाच्या मुठीला कडी, कडीला दोरी, दोरीचं दुसरं टोक खांद्याला किंवा पट्ट्याला. घोड्यावर किंवा बोटीवर असलेल्या सैनिकाचं पिस्तूल हरवू नये म्हणून निघालेली ही सोय पोलिसांच्या गणवेशात टिकली. काश्मीरमध्ये जवानांच्या रायफली साखळीनं कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दिसतात, त्या याच कारणासाठी.

मालकालाच ओळखणारं पिस्तूल करायचेही प्रयत्न झाले. जर्मनीच्या आर्माटिक्स कंपनीनं असं पिस्तूल काढलं की मालकाच्या मनगटावरचं खास घड्याळ जवळ असल्याखेरीज ते चालायचं नाही. २०१७मध्ये एका संगणक-हल्लेखोरानं जाहीर दाखवून दिलं की पंधरा डॉलरची लोहचुंबकं बाहेरून लावली की आतला अडसर सरकतो आणि घड्याळाची गरजच उरत नाही. बोटाच्या ठशांवर आणि चेहऱ्यावर चालणारी पिस्तुलंही आता येऊ लागली आहेत. भिजलेल्या, थरथरणाऱ्या हाताचा ठसा त्यांना ऐन वेळी कळेल का, यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

कोकणातल्या वाचकांना पिस्तुलापेक्षा दुनळी जवळची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी बंदुका आहेत, आणि रानडुकरांपायी रात्रीबेरात्री त्या घेऊन बांधाबांधानं चालावं लागतं. तिथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. साध्या दुनळीच्या मानेवरची सेफ्टीची कळ बहुतेक वेळा फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच असतो आणि एका छोट्या खिट्टीवर तोललेला असतो. बंदूक दगडावर आपटून ती खिट्टी निसटली, तर चाप अडवलेला असूनही बार होऊ शकतो. इंग्लंडमधल्या महागड्या हातबनावटीच्या बंदुकांत यासाठी घोड्यामागे दुसरी राखीव खिट्टी असते. पहिली दणक्यानं निसटली तर दुसरी घोड्याला वाटेत धरते, आणि चाप खरोखर ओढला गेला तरच दोघी एकदम बाजूला होतात. आपल्या साध्या बंदुकीत ती नसते. पण नळी मोडून उघडी ठेवायची सोय प्रत्येक दुनळीत असते. बांध ओलांडायच्या आधी, कुंपणातून शिरायच्या आधी, गाडीत बसायच्या आधी नळी मोडायची, काडतुसं काढून खिशात घालायची. नळी उघडी असताना घोड्यासमोर काडतूसच नसतं, आणि दहा पावलांवरच्या सोबत्यालाही ते दिसतं.

दुसऱ्याला दिसणं, ही सुरक्षिततेची अगदी वेगळी तऱ्हा. २०२३ साली अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. त्या पिशव्यांकडे पाहून कुणाला काही कळलं नसतं. म्हणून जगभरचे प्रवासाचे नियम एकाच गोष्टीवर येतात: शस्त्र रिकामं, पेटीत बंद, आणि गोळ्या वेगळ्या. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक रायफल घेऊन आगगाडीनं घरी जाताना सर्रास दिसतात, आणि तिथल्या कायद्यानुसार वाहतुकीत शस्त्र आणि दारूगोळा वेगळाच ठेवावा लागतो, मॅगझिनमध्ये एकही गोळी चालत नाही. आपल्याकडे विमानानं जाणारा नेमबाजही परवाना दाखवून, रायफल रिकामी करून ती सामानकक्षात सोपवतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकला. नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसपासून दूर, दक्षिणेला शातोरू गावी झाल्या. टीव्हीवर आपण त्याचे श्वास मोजत होतो. पण अशा रेंजवर नजर ठेवावी अशी आणखी एक वस्तू असते: नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं सक्तीची केलेली भडक केशरी खूण. मोकळीक मिळाल्याखेरीज प्रत्येक रायफलच्या आणि पिस्तुलाच्या चेंबरमध्ये ही खूण घातलेलीच पाहिजे. ती आत असली की तिथे गोळी बसायला जागाच उरत नाही, आणि खुणेचं टोक बाहेर लोंबत असल्यानं लांबूनही कुणालाही खात्री करता येते. हवेच्या बंदुकीत तर ती दोऱ्यासारखी आणि नळीच्या पूर्ण लांबीची हवी, म्हणजे नळीत कुठेही छर्रा अडकलेला नाही हे सिद्ध होतं. वर सांगितलेल्या खुंट्या, पट्ट्या, खिट्ट्या साऱ्या पोलादाच्या, कित्येक वर्षांच्या डोकेफोडीतून निघालेल्या. ही खूण मात्र प्लास्टिकची, काही रुपयांची, आणि तिचा नियम त्या सगळ्यांहून कडक आहे. ती घालायला विसरणाऱ्या खेळाडूला पंच आधी ताकीद देतात. ताकिदीनंतरही कुणी नकार दिला, तर तो कितीही मोठा नेमबाज असो, त्याला स्पर्धेतून बाद करतात.